बालिकबायन पेटी: करामातली माझी रूममेट आणि तिचं बातांगासचं घर

गवतीचहा

परवा माळा आवरताना एक जाड पुठ्ठ्याची पेटी हाती लागली. आत जुन्या रजया. बाजूला काळ्या मार्करनं लिहिलेलं 'बातांगास' अजून नीट वाचता येतं. नवरा म्हणाला, रद्दीत टाकू. मी नाही म्हटलं, आणि मग ही पेटी आपल्याकडे कशी आली हे त्याला सांगत बसले. त्याला सांगितलं ते इथेही लिहून ठेवते.

२०१३ ते २०१७ मी दुबईत, करामात राहत होते. राहत होते म्हणजे दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही सात बायका होतो. 'बेडस्पेस' हा शब्द तिकडे गेल्यावर शिकले. भाड्यानं मिळतो तो पलंग, खोली नव्हे. माझ्या खोलीत मी, केरळची एक नर्स आणि फिलिपिन्सच्या बातांगास प्रांतातली एक बाई. तिला सगळ्या 'आते' म्हणायच्या. पहिले काही दिवस मला ते आपल्या आत्यासारखंच वाटायचं. तगालोगमध्ये, म्हणजे तिच्या भाषेत, आते म्हणजे ताई. आमच्यात ती सगळ्यात मोठी, तेव्हा बेचाळीसची.

तिच्या पलंगाच्या पायथ्याशी एक पेटी कायम असायची. आमच्या कमरेपर्यंत येईल एवढी. तिच्यावर टॉवेल अंथरून आम्ही चहा प्यायचो, त्याच टॉवेलवर इस्त्री करायचो. ही पेटी म्हणजे बालिकबायन पेटी. बालिक म्हणजे परतणं, बायन म्हणजे देश किंवा गाव. परदेशी राहणाऱ्यांनी घरी भेटीला यावं म्हणून फिलिपिन्सच्या तेव्हाच्या मार्कोस सरकारनं १९७३ साली एक योजना काढली, त्यातून हा शब्द रूढ झाला. पुढे माणूस येवो न येवो, पेटी जायला लागली.

ही जहाजानं जाते आणि भाडं वजनावर नसतं, पेटीच्या आकारावर असतं. त्यामुळे आत हवेला जागा ठेवणं म्हणजे पैसे फुकट घालवणं. आते पातेल्यात टॉवेल, टॉवेलच्या गुंडाळीत शांपूची बाटली, बुटात साबणाच्या वड्या असं भरत जायची. टूथपेस्ट, कॉर्न्ड बीफचे डबे, स्पॅम म्हणजे डबाबंद मांस, चॉकलेटं, नेसकॅफेची बाटली. बातांगास हा कॉफीचा मुलूख, तिथली 'बाराको' कॉफी नावाजलेली, तरी नेसकॅफे जायचीच. मी एकदा म्हटलं, यातलं निम्मं तिकडे दुकानात मिळत असेल की. ती म्हणाली, "मिळतं. मग?"

नाताळला पेटी पोचायची तर ऑक्टोबरात निघायला हवी. दोन माणसं येऊन घरातून उचलून न्यायची आणि तिकडे थेट दारात पोचवायची. त्या रात्री पलंगाचा पायथा एकदम मोकळा दिसायचा. दुसऱ्या दिवशी नवी पेटी उभी.

तिच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलेले होते. वहीच्या पानावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं काढलेली रेघ. मुलीचं पाऊल. बुटाचे नंबर देशोदेशी वेगळे, म्हणून गावाकडून कुणी येणार असलं की आजी हा कागद त्याच्या हाती द्यायची. आते तो कापून बाजारात न्यायची आणि बुटात घालून बघायची. वर अंगठ्याएवढी जागा सोडायची, कारण बूट पोचेपर्यंत पाय वाढणार. मी पाहिले तेव्हा पाच कागद होते, एकावर एक. सगळ्यात आतला माझ्या तळहाताएवढा.

ती एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. तिकडे अशा ठिकाणी दुपारी मोठी सुट्टी असते. सकाळी नऊ ते एक, मग संध्याकाळी पाचला पुन्हा हजर. मनिला दुबईच्या चार तास पुढे. म्हणजे तिचे दुपारचे तीन हे लेकीचे संध्याकाळचे सात, अभ्यासाची वेळ. दुबईत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, त्यामुळे कुठली तरी तिसरीच ॲप. फोन भाताच्या कुकरला टेकवून ठेवायची. तिकडे मुलगी गणितं सोडवतेय, इकडे ही नखं कापतेय, कपडे घडी करतेय, कधी चक्क झोपलेली. मला सुरुवातीला वाटायचं, कॉल कट करायला विसरली. मग लक्षात आलं, कॉल चालू ठेवणं हेच काम होतं. बोलणं असलं तर असलं.

२०१५ मध्ये ती महिनाभर घरी जाऊन आली. येताना आम्हाला सुकवलेले आंबे आणले. 'पासालुबोंग' म्हणजे प्रवासाहून येताना आणायचा खाऊ, तो न आणणं म्हणजे फारच वाईट. रात्री बॅग रिकामी करताना सहज म्हणाली, "मुलगी मैत्रिणीकडे जायला विचारत होती. मी समोर बसले होते. तिनं आजीला विचारलं." मग बॅगेची चेन लावली आणि दिवा बंद केला.

तुमच्यापैकी बरेच जण आखातात, सिंगापुरात, जहाजांवर आहात. तुमच्या पाहण्यातले फिलिपिनो लोक घराशी कसे बांधलेले आहेत, लिहा.

चष्मेबद्दूर

लेख आवडला. पुठ्ठ्याच्या पेटीमागे केवढं अर्थकारण आहे तेही येऊ द्या. २०२४ मध्ये परदेशस्थ फिलिपिनोंनी घरी पाठवलेली रक्कम ३,८०० कोटी डॉलरच्या वर होती, देशाच्या जीडीपीच्या आठ टक्क्यांहून जास्त. हे आपोआप झालेलं नाही. १९७४ च्या कामगार कायद्यानं मार्कोसनं माणसं बाहेर पाठवणं हे सरकारी धोरणच केलं. तेलाचे भाव वाढलेले, आखातात बांधकामं निघालेली, इकडे बेकारी आणि कर्ज. तात्पुरता उपाय म्हणून सुरू झालं आणि पन्नास वर्षं चाललंय.

१९८२ मध्ये त्यांनी हुकूम काढला की कमाईचा ठरावीक हिस्सा, कामाप्रमाणे ५० ते ८० टक्के, सरकारमान्य बँकांमधूनच घरी पाठवायचा, नाहीतर पासपोर्टचं नूतनीकरण नाही. हाँगकाँगच्या मोलकरणींनी त्याविरुद्ध एकजूट केली आणि १९८५ मध्ये तो मागे घ्यावा लागला. मग १९८८ मध्ये अध्यक्षा कोराझोन आक्विनो हाँगकाँगला गेल्या आणि याच बायकांना 'बागोंग बायानी' म्हणजे नवे वीर म्हणाल्या. वीर म्हणायला पैसे पडत नाहीत.

दर्यावर्दी_७२

बत्तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, इंजिन साइडला. आम्ही तीन-चार भारतीय ऑफिसर आणि खाली सगळा फिलिपिनो क्रू, हे चित्र नेहमीचं. त्यांच्या करारातच असतं की मूळ पगाराच्या किमान ८० टक्के रक्कम दर महिन्याला थेट घरी जाणार. त्याला अलॉटमेंट म्हणतात. म्हणजे बोसनच्या, डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या, हातात जहाजावर उरणार वीस टक्के आणि ओव्हरटाइम. त्या ओव्हरटाइमसाठी ते जीव टाकायचे, कारण तेवढाच स्वतःचा.

पूर्वी बंदर लागलं की टेलिफोन कार्डासाठी धावाधाव व्हायची. त्याही आधी कॅसेट. इंजिन रूममधला एक मोटरमन टेपरेकॉर्डर घेऊन स्टीअरिंग गिअर रूमच्या बाहेर बसायचा. मी म्हटलं, अरे इथे केवढा आवाज. म्हणाला, बायकोला कळू दे मी कुठे काम करतो ते.

आता जहाजावर इंटरनेट आलंय. लोकांना वाटतं बरं झालं. मला तेवढं सरळ वाटत नाही. पूर्वी पोरगं तापलं की घरच्यांचं पत्र यायचं, तोवर ते बरं होऊन शाळेत जायला लागलेलं असायचं. आता ताप चढताना दिसतो आणि हा मधल्या समुद्रात. वॉचवर आल्यावर चेहरा बघूनच कळायचं.

मनिलात कालाव अव्हेन्यूला जाऊन बघा. फुटपाथवर खलाशांची गर्दी आणि एजंट गळ्यात पाट्या अडकवून उभे: दोन ऑइलर, एक कुक. आपल्याकडे मुंबईत पूर्वी जहाजाच्या नोकरीसाठी बॅलार्ड पिअरला फिरायचो त्याची आठवण येते. आणि हो, कॅराओके. जहाजावर माइक नसला तर क्रूचं तोंड उतरतं. नाताळला डेकवर अख्खं डुक्कर भाजायचे. आमचे शाकाहारी सेकंड इंजिनीअर त्या दिवशी केबिनमधून बाहेर पडत नसत.

तळ्यातमळ्यात

हे वाचताना आमचं कोकण डोळ्यासमोर आलं. आजोबा परळला गिरणीत होते. महिन्याची मनीऑर्डर, गावाला जाणाऱ्याच्या हाती गाठोडं, गणपतीला एसटीच्या टपावर सामान. फिलिपिनोंचा नाताळ म्हणजे चाकरमान्यांचा गणपतीच.

सडेतोड

सगळं भावनिक छान आहे. पण एक विचारतो, राग मानू नका. दहा-दहा वर्षं पोटची पोर आजीकडे टाकून दुसऱ्याच्या देशात राहायचं आणि वर साबण-चॉकलेटं पाठवायची, याला आईपण म्हणायचं का? पैसे कमी पडले तरी चालतील, पण आई घरात हवी.

गवतीचहा

@सडेतोड, तळ्यातमळ्यात यांचा आजोबांबद्दलचा प्रतिसाद तुमच्या बरोबर वर आहे. आजोबा घर सोडून परळला राहिले, तर त्यांना हा प्रश्न का नाही विचारलात? त्यांच्या मनीऑर्डरीचं आपण कौतुक करतो. बाईनं पेटी पाठवली की मुलं टाकून गेली.

परदेशी कामाला जाणाऱ्या फिलिपिनोंत निम्म्याहून जास्त बायका आहेत. आतेचा नवरा जीपनी, म्हणजे तिकडची जीपसारखी प्रवासी गाडी, चालवायचा, भाड्याची. घरात आई हवी हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. शाळेची फी हवी होती, सासऱ्याचं डायलिसिस होतं.

हाँगकाँगी_मावशी

गेली एकोणीस वर्षं इथे आहे आणि माझी दोन्ही मुलं एका फिलिपिनो बाईनं सांभाळली, हे आधी कबूल करते. त्यामुळे सडेतोड यांचा प्रश्न मलाही लागू आहे. तिची मुलं तिकडे, माझी तिच्या कडेवर.

इथे मोलकरणींना आठवड्याला एक सुट्टी कायद्यानं मिळते, बहुतेकींची रविवारी. त्या दिवशी सेंट्रल या भागात या. चेटर रोड वाहनांना बंद, एचएसबीसी बँकेच्या इमारतीखालचा मोकळा भाग, पादचारी पूल, सगळीकडे पुठ्ठे अंथरून बायका बसलेल्या. नवीन माणसाला वाटतं पिकनिक आहे. मीही पहिल्या वर्षी फोटो काढले होते. मग कळलं, त्यांना बसायला दुसरी जागाच नाही. २००३ पासून नियम आहे की मालकाच्याच घरी राहायचं. इथली घरं केवढी, तर काही जणी स्वयंपाकघरात झोपतात. सुट्टीच्या दिवशी घरात राहिलं तर सुट्टी राहत नाही.

पेटी भरायचं कामही तिथेच, रस्त्यावर. पुठ्ठ्यांच्या भिंती करून चार-पाच जणी बसतात. एकीचं भरणं चाललेलं, दुसरी तिच्या नखांना रंग लावतेय, तिसरी फोनवर गावच्या मुलाचा वाढदिवस बघतेय. पलीकडे वर्ल्डवाइड हाउस नावाची इमारत आहे. आत शिरलात की मनिलाच. पैसे पाठवायच्या खिडक्या, सुकी मासळी, फोनची कार्डं. सुक्या मासळीचा वास आला की मला मालवण आठवतं. आमच्या बाईला मी घरात तळायची परवानगी दिली, तर शेजारच्या चिनी काकूंनी वॉचमनला पाठवलं. आम्ही दोघींनी मिळून माफी मागितली आणि मग दार बंद करून भाताबरोबर खाल्ली.

२०२४ मध्ये किमान पगार महिना ४,९९० हाँगकाँग डॉलर झाला. त्यातून एजंटाचं कर्ज फेडायचं आणि घरी पाठवायचं. बाकीच्या परदेशी लोकांना सात वर्षांनी कायम राहायचा हक्क मागता येतो, यांना नाही. २०१३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं. मला तो हक्क मिळाला, तिला नाही. ती माझ्याआधी आठ वर्षं इथे आली होती.

१९९५ ची गोष्ट आमच्या बाईच्या तोंडून कैकदा ऐकली आहे. सिंगापुरात फ्लोर कोंतेम्प्लासियोन या मोलकरणीला खुनाच्या आरोपाखाली १७ मार्चला फाशी दिली. फिलिपिन्समध्ये बहुतेकांना ती निर्दोष वाटत होती, सरकारनं वेळेवर धावपळ केली नाही याचा संताप होता. त्याच वर्षी परदेशी कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आमची बाई तेव्हा शाळेत होती. म्हणते, शेजारपाजारच्या बायका आपलंच कुणी गेल्यासारख्या रडत होत्या, आणि चार वर्षांनी तीच बाहेर पडली.

सडेतोड

आजोबांचा मुद्दा मान्य. माझे वडीलही सौदीत अकरा वर्षं होते. त्यांना कधी विचारलं नव्हतं.

डोकंफोडे_काका

अवांतर: माझी मुलगी फिलिपिन्समध्ये दावाओला मेडिकलला होती. आपल्याकडची बरीच मुलं तिकडे जातात. तिच्याकडून कळलं की तिथे कुठल्याही भारतीयाला 'बुंबाय' म्हणतात. होय, आपल्या बॉम्बेवरून! पण डोळ्यासमोर असतो तो मोटरसायकलवरून वसुली करणारा पंजाबी सावकार. त्याच्या धंद्याला म्हणतात पाच-सहा. पाच घ्या, सहा परत करा. परदेशी जायचे एजंटाचे पैसे उभे करायलाही लोक असंच कर्ज उचलतात. म्हणजे काही घरांत बाहेरच्या पगाराचा पहिला वाटेकरी आपलाच बुंबाय.

तिच्या घरमालकीणबाईंचे दोन्ही मुलगे सौदीत. घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान, 'सारी-सारी' म्हणतात, ते मुलांच्या पैशांतून काढलेलं. दुकानात रोज बसून त्या भेटेल त्याला उधार द्यायच्या. मुलगी म्हणायची, धंद्यापेक्षा म्हातारीला गप्पांना माणसं मिळावीत म्हणूनच ते दुकान चाललंय.

माडाचीबोंडं

आम्ही गोंयकार. घरात दोन तारवटी, म्हणजे खलाशी, आणि एक मावशी कुवेतला. तेव्हा आम्हाला हे सगळं घरचंच. साष्टीत रंगवलेली बंद घरं बघितली असतील, तशीच त्यांचीही.

मी दुबईला ऊद मेथाच्या सेंट मेरीज चर्चमध्ये जायचो. तिथे कोंकणी मिस्सा व्हायची आणि तगालोगही. फिलिपिनोंचा 'सिंबांग गाबी' असतो, १६ ते २४ डिसेंबर सलग नऊ मिस्सा. त्यांच्या देशात पहाटे अंधारात होतात. दुबईत माणसं पहाटे कामाला निघणार, म्हणून संध्याकाळी. आवारात मुंगीला जागा नसायची. हॉटेलातले, सलूनमधले, दुकानातले, तसेच गणवेशात आलेले. आणि 'पारोल', तो चांदणीचा कंदील. आमच्या नाताळच्या नक्षत्रासारखाच, फक्त दोन शेपट्या जास्त. एकदा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीनं सगळी मिस्सा फोन उंच धरून ठेवली होती. मला वाटलं शूटिंग करतेय. पलीकडून म्हातारा आवाज 'आमेन' म्हणाला.

फाटका_छत्री

मी मनिलाजवळ मकातीला आयटीत दोन वर्षं होतो. सप्टेंबर लागला की मॉलमध्ये नाताळची गाणी. ज्या महिन्यांच्या नावात शेवटी 'बर' येतं ते सगळे नाताळचेच. पेट्याही तेव्हाच भरायला घेतात, हे आज कळलं.

जीपन्यांवर लिहिलेलं असायचं 'कातास नांग सौदी', सौदीचा रस. म्हणजे ही गाडी सौदीत घाम गाळून घेतली. आपल्याकडे 'आईची कृपा' लिहितात तसं. बातांगासात माबिनी नावाचं गाव आहे, तिथली इतकी माणसं इटलीत की त्याला 'लिटल इटली' म्हणतात. टेकडीवर इटालियन धाटणीची मोठमोठी घरं. आम्ही बाइकवरून गेलो होतो. बऱ्याच घरांच्या खिडक्या बंद. एका ओट्यावर आजोबा कोंबड्यांना दाणे टाकत होते. घर कुणाचं विचारलं, तर मुलीचं म्हणाले. ते स्वतः मागच्या जुन्या खोपटातच झोपतात, वारा चांगला लागतो म्हणून.

शब्दांची गंमत: तगालोगमध्ये बातमीला 'बालिता' म्हणतात, ते आपलं वार्ता. मुखा, गुरो, आसा हेही आपलेच. आणि बादलीला बाल्दे! त्यांचं स्पॅनिश, आपलं पोर्तुगीज.

गवतीचहा

बाल्देवरून आठवलं. आमच्या फ्लॅटमध्ये सात जणींत चार देशांच्या बायका, पण संडासातल्या मगावरून भारतीय आणि फिलिपिनोंची घट्ट युती होती. त्यांचा 'ताबो', आपला टमरेल. आतेनं गावाहून येताना लाल प्लॅस्टिकचा ताबो सुटकेसमध्ये आणला होता. दुबईत काय मिळत नव्हता? पण नाही.

पेटीबद्दल व्यक्तिगत निरोपात कुणी विचारलं होतं की कस्टमला लागत नाही का. २०१५ मध्ये तिकडच्या कस्टमनं पेट्या उघडून तपासायचं ठरवलं, तर जगभरातून एवढा गदारोळ झाला की अध्यक्षांना ते थांबवावं लागलं. आमच्या फ्लॅटमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. आते, जी कधी आवाज चढवत नाही, ती म्हणाली, "माझ्या मुलीच्या चड्ड्या कस्टमवाला मोजणार?" २०१६ च्या कायद्यानं वर्षाला तीन वेळा मिळून दीड लाख पेसोपर्यंतच्या सामानावर कर माफ झाला. धोका कस्टमपेक्षा कार्गोवाल्यांचा. तिची एक पेटी एका कार्गोवाल्यानं पैसे घेऊन कुठल्याशा गोदामात सोडून दिली. नाताळची पेटी पावसाळ्यात पोचली. चॉकलेटं गेली, बूट मुलीला होईनात, ते धाकट्या चुलत बहिणीला दिले.

तळ्यातमळ्यात

आता कुठे आहेत त्या?

गवतीचहा

आते अजून दुबईतच, तोच दवाखाना. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी २०१७ मध्ये परत आले तेव्हा तिनंच मला तिची कोरी पेटी दिली, सामान भरायला. 'बातांगास' आधीच लिहून ठेवलेलं होतं, ते खोडायचं राहून गेलं.

काल तिला फोनवर या धाग्याबद्दल सांगितलं. जमेल तसं इंग्रजीत भाषांतर करून वाचून दाखवलं. पावलांच्या कागदांचं ऐकून काही बोलली नाही. पेटी भरण्याचा भाग आला तेव्हा मात्र मला थांबवलं. म्हणाली, हे चुकीचं लिहिलंयस, दुरुस्त कर. बुटात साबण कधीच घालायचा नाही, बुटात चॉकलेटं. साबण टॉवेलमध्ये, आणि कॉफी त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात, नाहीतर घरचे दोन महिने साबणाची कॉफी पितात.

संपादनाची मुदत संपलीय, म्हणून इथे लिहिते.